सौंसर पट्ट्यातील परिचारिका आणि कारभाराचे शिक्षण

सौंसर आणि पांढुर्णा हा मराठीभाषक भाग इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताच्या छिंदवाडा जिल्ह्यात होता. प्रांताची राजधानी नागपूर. या प्रांतात 1936 मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यामुळे प्रशिक्षित परिचारिकेला व्यावसायिक दर्जा मिळाला, पण कारभाराचे शिक्षण मिळाले नाही. वॉर्डाची सिस्टर आणि तिच्यावरची मेट्रन ही पदे बहुधा अनुभवाच्या बळावर मिळत. पाळ्या लावणे, औषधे व चादरींचा हिशेब ठेवणे, शिकाऊ मुलींवर नजर ठेवणे हे सारे पदावर बसल्यावरच शिकावे लागे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही उणीव ठळक झाली. 1943 मध्ये दिल्लीत परिचर्या प्रशासनाची शाळा निघाली. 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. त्याच वर्षीच्या, आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे 43,000 लोकांमागे एकच परिचारिका होती. इतक्या अपुऱ्या मनुष्यबळात शिकवणाऱ्या आणि देखरेख करणाऱ्या परिचारिका तयार करणे हाच पहिला प्रश्न ठरला.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, तर सौंसर मध्य प्रदेशात राहिले. पुढे महाराष्ट्राने 1966 मध्ये आणि मध्य प्रदेशाने 1972 मध्ये परिचारिकांसाठी स्वतंत्र कायदे केले. नागपूर जवळ असले तरी सौंसरच्या परिचारिकेची नोंदणी, नेमणूक आणि बढती मध्य प्रदेशाच्या नियमांनी ठरू लागली.

ग्रामीण भागात नेतृत्वाची पहिली पायरी म्हणजे एएनएमवर, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेवर, देखरेख करणारी आरोग्य पर्यवेक्षिका. आरोग्य कर्मचाऱ्यांविषयीच्या कर्तारसिंग समितीच्या 1973 च्या अहवालाने या रचनेला आकार दिला. अनुभवी एएनएमला बढतीसाठी सहा महिन्यांचे प्रशिक्षण मिळू लागले. आरोग्य उपकेंद्रांना भेटी देणे, नोंदवह्या तपासणे, लसीकरणाचे नियोजन करणे आणि अडलेल्या एएनएमला जागेवर शिकवणे ही पर्यवेक्षिकेची कामे.

2018 पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर सामुदायिक आरोग्य अधिकारी नेमण्याचे धोरण आले. परिचर्येची पदवी किंवा पदविका असलेल्यांना सहा महिन्यांच्या जोड अभ्यासक्रमानंतर हे पद मिळू शकते. या पदावरील व्यक्ती एएनएम आणि आशा कार्यकर्त्यांच्या चमूचे नेतृत्व करते. 2021 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम जाहीर केला आणि त्यात व्यवस्थापन व नेतृत्व हा विषय ठेवला. मेट्रनला पदावर बसून जे शिकावे लागे, ते आता पदवीच्या वर्गातच शिकवले जाते.