आर्थर रोड रुग्णालयावरील हल्ला (१८९६) आणि वैद्यकीय सेवकांच्या संरक्षणाचे कायदे

डॉक्टर व रुग्णालयीन कर्मचारी यांच्यावरील हल्ले ही केवळ आजच्या काळातील विकृती होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. मुंबईचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबर रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या आदेशाने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्यास आरंभ झाला आणि २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर (आजचे कस्तुरबा रुग्णालय) चालून गेला. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याची त्याच महिन्यात विटंबना झाली होती. त्यामुळे संतापलेली राणी मुंबईकरांची काळजे मागते, रुग्णालयात प्रेतांपासून मोमियाई काढतात, अशा वावड्या तेव्हा शहरभर उठल्या होत्या. या अफवांना अडाणीपणा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. परंतु उचलून नेलेला माणूस बहुधा परत येत नसे आणि आत काय घडले हे सांगणारेही कोणी नसे, हे लक्षात घेतले पाहिजे.

या हल्ल्यानंतर सक्तीचा आदेश शिथिल करावा लागला. पुढे निरनिराळ्या जातिजमातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली. तेथे ओळखीची माणसे, आपल्या रीतीचे अन्न व आप्तांना प्रवेश मिळू लागला. रुग्णालयाविषयीची भीती ओसरण्यास पोलीस पहाऱ्यापेक्षा ही व्यवस्था अधिक उपयोगी पडली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सद्भावनेने काम करणाऱ्यांना दाव्यांपासून अभय दिले. मारहाणीपासून संरक्षणाची स्वतंत्र तरतूद त्यात नव्हती. ती २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, दुरुस्तीद्वारे आली. आरोग्य सेवकावरील हल्ल्यास ३ महिने ते ५ वर्षे, तर गंभीर दुखापतीस ६ महिने ते ७ वर्षे कारावास ठरला. साथ नसताना मात्र हे संरक्षण लागू होत नाही.

महाराष्ट्राने त्याआधीच पाऊल उचलले होते. ऑगस्ट २००१ मध्ये आनंद दिघे यांच्या निधनानंतर ठाण्यातील सिंघानिया रुग्णालय जमावाने जाळले. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, २०१० मध्ये, राज्याचा स्वतंत्र कायदा झाला. त्यात हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून ३ वर्षांपर्यंत कारावास आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. याच कायद्यात वैद्यकीय हलगर्जीपणाच्या तक्रारी ऐकून पीडितांना सल्ला देणारे प्राधिकरणही सांगितले आहे. शिक्षेच्या कलमांची फलके रुग्णालयांच्या प्रवेशद्वारी लागली; या प्राधिकरणाचे नाव तेथे क्वचितच वाचावयास मिळते.