बाळंतिणीच्या मनाकडे: एक प्रस्तावना

बाळंतिणीच्या अंगाची काळजी कशी घ्यायची, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावून मालीश, शेक-शेगडी. ती एकटी असताना रडते का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. या विषयाच्या अभ्यासकाचं काम तिथे सुरू होतं.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू पुष्कळ जणींना येतं आणि पंधरवड्यात ओसरतं. त्यापुढेही झोप, भूक, उमेद परतली नाही, तर नैराश्याचा विचार करायला हवा. हजारात एक-दोघींना मात्र भास-भ्रम सुरू होतात, तेही बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच. तेव्हा दवाखाना त्याच दिवशी गाठायचा. ‘बाहेरचं’ उतरवण्यात वेळ घालवायचा नाही.

आपल्या वाचकाने सुरुवात गोव्यापासून करावी. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी तिथल्या 270 गर्भवतींची केलेली पाहणी 2002 साली प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं. त्याहून बोलका आकडा पुढचा: त्यांतल्या 78 टक्के जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे डोहाळजेवणात हिरवी साडी नेसून बसलेलीचीही विचारपूस व्हायला हवी होती. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणं निघाली. उपासमार आणि मारहाण यांचा परिणाम तर बाळ मुलगा की मुलगी यावरही अवलंबून होता. सगळा दोष संप्रेरकांवर ढकलणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

चाचणीसाठी 1987 ची एडिनबरो प्रश्नावली जगभर वापरतात. मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न. दहावा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा. तो सासूसमोर विचारला तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. आशाताईंनी आधी ‘मावशी, जरा चहा टाकता का?’ म्हणावं आणि मग कागद काढावा. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकांत ही युक्ती सापडायची नाही.

उपचारांचं म्हणाल, तर अतिफ रहमान यांनी रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनाच समुपदेशन शिकवलं. 2008 साली निष्कर्ष आले: सहा महिन्यांनी नैराश्य 23 टक्के मातांत उरलं होतं, इतर गावांत 53 टक्के. पुढे गोव्यात हेच काम वस्तीतल्या बायकांवर सोपवलं. तिथे फरक पडला, पण इतका ठळक नाही. का, हा प्रश्न नव्या अभ्यासकाने जरूर हाती घ्यावा.