बोटीवरचा पाडवा

रविवार, ८ एप्रिल १८८३. तुम्ही ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या आगबोटीच्या डेकवर उभे आहात. अंगावर पाडव्यासाठी घेतलेले नवे कपडे आहेत, त्यांच्या घडीची रेघ अजून मोडलेली नाही. पायाखालच्या फळ्या इंजिनाबरोबर थरथरतात. कोळशाचा धूर घशात बसतो. बोट कालच कलकत्त्याहून सुटली आहे. बाकीच्या उतारूंसाठी आज प्रार्थनेचा रविवार. पण काल संध्याकाळी फाल्गुनातली अमावास्या सरली, आणि आज चैत्र शुद्ध प्रतिपदा आहे. शके १८०५, सुभानु नाम संवत्सर.

गुढी कुठे दिसते का म्हणून तुम्ही उगाच वर बघता. वर डोलकाठी, दोर आणि धूर. मग नजर खाली येते आणि ती दिसते. घेरदार झगे आणि हॅट यांच्या गर्दीत नऊवारी लुगडं, कपाळावर कुंकू. तिला शोधावं लागत नाही. आठच दिवसांपूर्वी, ३१ मार्चला, तिला अठरावं वर्ष पुरं झालं. माहेरची यमुना, कल्याणच्या जोश्यांची. सासरची आनंदी, गोपाळराव जोश्यांची. ती अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाली आहे. बोटीवर ओळखीतून मिळालेल्या गोऱ्या बायकांची सोबत आहे. नवरा मागे राहिला आहे.

तुमच्या लक्षात येतं की ती काल निघाली, म्हणजे अमावास्येला. आपल्याकडे अमावास्येला माणूस गावाला जायचं टाळतो, आणि ही पोर समुद्र ओलांडायला निघाली. बोट काही पंचांग बघून सुटत नाही, हे खरं. तरी एक दिवस थांबलं असतं तर साडेतीन मुहूर्तांतला एक हाती आला असता. त्याऐवजी मुहूर्तच तिला वाटेत गाठतो आहे.

या घटकेला कल्याणात काय चाललं असेल ते तुम्हाला डोळे मिटून सांगता येईल. पहाटे तेल लावून न्हाणं झालं आहे. वेळूच्या काठीला खण बांधला आहे, त्यावर कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी, वर पालथा गडू. मुलींच्या अंगावर नवे परकर सळसळतात. गूळ, जिरं, हिंग घालून वाटलेला कडुनिंब तळहातावर येतो आणि तोंडं वाकडी होतात. जोशीबुवा पंचांग उघडून संवत्सरफळ वाचतात: पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण. गुढीला वस्त्र नेसवतात हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात. नवीन वर्षाला आपण आधी नटवतो आणि मग त्याच्याकडे काही मागतो.

पूजेला बसल्यावर पळीभर पाणी हातात घेऊन संकल्प सोडतात, तोही तुमच्या ओळखीचा. आधी सगळा पत्ता सांगायचा: संवत्सर कोणतं, मास कोणता, पक्ष, तिथी, वार. मग आपण कोण ते. आणि मग आपण काय करणार ते. मला ही रीत फार आवडते. माणसाने आपलं ध्येय हवेत न सोडता काळाच्या एका नेमक्या खुंटीला बांधावं, असं त्यात आहे. आनंदीबाईंनी आपला संकल्प मात्र आधीच सोडला होता. तो ऐकायचा तर दीड महिना मागे चला.

फेब्रुवारी १८८३. हुगळीकाठचं श्रीरामपूर, तिथल्या कॉलेजचं सभागृह. गोपाळराव इथे टपाल खात्यात आहेत. समोर भरलेली सभा, त्यात गोरेही आहेत. उभी राहिलेली मुलगी अजून अठराचीही नाही, आणि ती इंग्रजीत बोलते आहे. लोक जे प्रश्न घरी, रस्त्यात, पत्रांतून विचारत होते तेच ती एकेक करून स्वतः मांडते. अमेरिकेला का जायचं? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचं काय? तिकडे काही संकट ओढवलं तर? आणि आजवर कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करावंस?

तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकता आणि तुमच्या अंगावर काटा येतो. आपण डायरीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहितो तेव्हा तो मोडण्याची कारणं लिहीत नाही. ही मुलगी आधी सगळी कारणं चारचौघांत वाचून दाखवते आणि प्रत्येकाला उत्तर देते. बंगालमध्ये ती नवऱ्याबरोबर रस्त्याने चालली की लोक थांबून बघतात, टिंगल करतात, खडे मारतात, हेही ती सांगते. इथे राहून शिकणं किती अवघड आहे, याचा तो पुरावाच आहे. आणि वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर ती म्हणते की आपलं खाणं आणि आपला पेहराव आपण बदलणार नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन.

हे वाक्य सभेला आवडतं. तुम्ही मात्र तिच्या लुगड्याकडे बघता. फिलाडेल्फियाच्या थंडीत ते कसं निभावेल?

इथे मला तुम्हाला आणखी मागे न्यावं लागतं, पण आपण तिथे फार वेळ थांबणार नाही. ती चौदा वर्षांची आहे. बाळंतपण झालं आहे. मुलगा दहा दिवस जगतो आणि जातो. पुरुष डॉक्टरला हात लावू देणं बायकांना मरणाहून कठीण, आणि बाई डॉक्टर कुठेच नाही. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजला लिहिलेल्या अर्जात ती नेमकं हेच मांडते: आपल्या देशातल्या बायका पुरुषाकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकायचं आहे. तुम्ही या खोलीत आला आहात म्हणून तुम्हाला कळतं की तो अर्ज इथेच लिहायला सुरुवात झाली.

परत बोटीवर या. तिचे हात बघा. प्रवासासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या आहेत. पाडव्याच्या दिवशी बायका दागिना घालतात, जमलं तर नवा घेतात. हिने नव्या वर्षासाठी दागिना उतरवला. एवढंच बघा आणि तिला तिच्या समुद्राकडे तोंड करून उभी राहू द्या.

बोट पुढे जाते, तुम्ही कॅलेंडरवरून उडी मारता. ४ जून १८८३, न्यू यॉर्कचा धक्का. तिला घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या आहेत, न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. मासिकात छापलेलं एक पत्र वाचून त्यांनी या अनोळखी मुलीला लिहिलं होतं, आणि पत्रापत्रीत त्या तिच्या मावशी झाल्या. रोझेलचा उन्हाळा सुखाचा जातो. शरदात ती फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल होते. डीन रेचल बॉडली तिची काळजी घेतात. आणि मग थंडी येते.

इथे थांबा. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची जागा हीच आहे, पदवीदानाहूनही मोलाची. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कल्याणच्या हवेत ते ठीक होतं. इथे बर्फातून कॉलेजला जायचं आहे. इथल्या लोकांच्या नजरेला उघडे पाय म्हणजे असभ्यपणा, ते वेगळंच. झगा घालणं सोपं आहे, आणि तो घातला तर कोणी चकार शब्द काढणार नाही. पण सभेत दिलेला शब्द आहे. मग ती काय करते? साडी सोडत नाही, नेसण बदलते. गुजराती पद्धतीने पायघोळ नेसते, अंगात लांब बाह्यांचं पोलकं घालते. पाय झाकले जातात, थंडी थोडी अडते, कुंकू जागच्या जागी राहतं. हजारो मैलांवरून नवऱ्याच्या पत्रांत तिच्या वागण्यावर, पेहरावावर बोचरे शेरे येत राहतात. अभ्यास, दुखणी आणि ती पत्रं, सगळं तिला एकाच वेळी पेलायचं आहे.

तुम्ही आरशासमोर उभं राहून या पाडव्याला पैठणी की खण, नथ मराठी की बानूची, असा विचार करता, त्याला मी कमी लेखत नाही. उलट मला वाटतं की आपण काय नेसतो त्यात आपण कोण व्हायचं ठरवलं आहे ते असतं, आणि आनंदीबाईंच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी एकाच निर्णयात होत्या. पेहराव टिकवायचा होता तो डॉक्टर होऊन आपल्या बायकांत परत जाता यावं म्हणून. परक्या वेशात परतली तर त्या दार उघडणार नाहीत, हे ती ओळखून होती. नेसण बदलली तीही डॉक्टर होता यावं म्हणूनच. फुप्फुसात थंडी भरली तर अभ्यास कसा होणार?

१० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फिया. फोटो काढायची तयारी चालली आहे, तुम्ही काळ्या पडद्याशेजारी उभे राहा, मध्ये येऊ नका. तीन विद्यार्थिनी आहेत. जपानच्या केई ओकामी किमोनोत. सीरियाच्या साबात इस्लामबूली आपल्या देशी पोशाखात, नाण्यांच्या माळांसह. आणि आनंदीबाई साडीत. तिघी आपापल्या देशाच्या सणासुदीच्या थाटात आहेत, आणि तिघींना व्हायचं आहे डॉक्टर. चेहरे गंभीर आहेत, कारण त्या काळच्या फोटोत हसत नसत. तरी आनंदीबाईंकडे पुन्हा बघा. चेहरा उतरला आहे, डोळ्यांखाली सावली आहे. वीस वर्षांची मुलगी तिशीची दिसते.

११ मार्च १८८६ला त्या एम. डी. होतात. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आहे. सभागृहात टाळ्या थांबत नाहीत. गोपाळराव आहेत, इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या आहेत. महिन्याच्या आत पाडवा येतो, शके १८०८, व्यय नाम संवत्सर. वर्षाच्या नावात अर्थ शोधू नये असं मीही मानतो, पण त्या वर्षात काय काय खर्ची पडणार हे तुम्हाला ठाऊक असताना ते नाव उच्चारायला जीभ कचरते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली. वर्ष सरता सरता त्या मायदेशी परतल्या, पण क्षय बरोबर घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिन्याहून थोडे अधिक दिवस होते. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही.

आणि पुढच्या महिन्यात, २५ मार्चला, पुण्यात गुढ्या उभ्या राहतात. शके १८०९, सर्वजित् नाम संवत्सर. तुम्ही पेठेतून चालता, दारोदारी रेशमी खण वाऱ्यावर हलतात, मुलं गाठी गळ्यात घालून पळतात, आणि तुमच्या मनात राग भरून येतो. एवढ्या कष्टाने घडलेली एक डॉक्टर या गावाला एका पाडव्यापुरतीही लाभू नये?

तो राग घेऊनच मुंबईला चला. तिथे त्याला दुसरी वाट मिळते. तीनच आठवड्यांपूर्वी, ४ मार्चला, हायकोर्टाने रखमाबाईंना हुकूम दिला आहे: अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लावून दिलं त्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली आहे. मुंबईत, पुण्यात, पार लंडनच्या वर्तमानपत्रांत त्यांच्यावर रकानेच्या रकाने भरून येत आहेत. त्या बावीस वर्षांच्या आहेत, आनंदीबाईंहून चार महिन्यांनी मोठ्या. यंदाच्या पाडव्याला त्यांच्या डोक्यावर शिक्षा आहे आणि मनात डॉक्टर व्हायचं आहे.

पुढचं तुम्हाला भराभर बघता येतं. १८८८मध्ये तडजोड होऊन खटला मिटतो. १८८९मध्ये त्या लंडनला जातात, तिथल्या स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकतात, १८९४मध्ये डॉक्टर होतात. १८९५मध्ये सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू होतात आणि मग तिथे आणि राजकोटला मिळून पस्तीस वर्षांच्या आसपास काम करतात. सुरतेच्या त्या दवाखान्यात एकदा शिरून बघाच. बाहेर ओसरीवर बायका पोरं कडेवर घेऊन बसल्या आहेत, आतून एकेकीला हाक येते आहे, आणि आत तपासणारी डॉक्टर साडीत आहे.