शब्दवेध : पॉझिट्रॉन

दुबईतल्या विजेच्या बिलावर अरबीत ‘कहरबा’ लिहिलेलं असतं, म्हणजे वीज. शब्द मूळचा फारसी. ‘काह’ म्हणजे गवताची काडी, ‘रुबा’ म्हणजे ओढून नेणारा. घासला की काडी खेचून घेणारा, तो अंबर. अंबरसाठीच्या आपल्या ‘तृणमणी’ या शब्दातही नेमकं हेच निरीक्षण आहे. ग्रीकांनी अंबरला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटलं, आणि १८९१मध्ये जॉर्ज जॉनस्टन स्टोनी यांनी ते नाव विजेच्या मूलभूत भाराला दिलं.

१९३२मध्ये कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांत धनभारित इलेक्ट्रॉन सापडला. ‘पॉझिटिव्ह’चं डोकं आणि ‘इलेक्ट्रॉन’चं शेपूट जोडून ‘पॉझिट्रॉन’ झाला. मला मात्र अशा कणासाठीचा मराठी शब्द ‘प्रतिकण’ फार आवडतो. यातला ‘प्रति’ निव्वळ विरोधाचा नाही, प्रतिबिंबातलाही आहे : वस्तुमान तेच, भार उलटा. कण आणि प्रतिकण भिडले की दोघेही नाहीसे होतात. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोडीतून बहुधा दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात, प्रत्येकी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे.

‘पेट स्कॅन’मधला ‘प’ या पॉझिट्रॉनचाच. रुग्णाला फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. हे फ्लोरिन सुमारे ११० मिनिटांत निम्मं उरतं. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जेमतेम मिलीमीटरभर जातो, तोच त्याला शरीरातला इलेक्ट्रॉन गाठतो. यंत्राच्या कड्यात दोन्ही किरण एकाच वेळी टिपले गेले, की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ती साखर आहे हे कळतं. अशा असंख्य रेषांच्या छेदांतून साखर जास्त खेचणारी कर्करोगाची गाठ दिसू लागते.