गोव्याचा मंदार, मुंबईचा गणवेश

१३ मार्च २०२१ची संध्याकाळ. मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रंगला होता. पण करोनाच्या निर्बंधांमुळे प्रेक्षागृह ओस पडले होते. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने चेंडू जाळ्यात धाडला आणि मुंबई सिटीने एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात करून प्रथमच हा करंडक जिंकला. त्या विजेत्या चमूत मंदार राव देसाई हा गोमंतकीय खेळाडू होता. हेच फातोर्डा सहा हंगाम त्याचे घरचे मैदान होते; मात्र तेव्हा अंगावर एफसी गोवाचा गणवेश असे. दोन वेळा अंतिम फेरी गाठूनही जो करंडक त्याला गोव्यासाठी मिळवता आला नव्हता, तो गोव्याच्याच भूमीवर, गोव्याच्या प्रतिस्पर्ध्याकडून खेळताना त्याला मिळाला. आणि तो क्षण पाहायला गोव्याचा प्रेक्षक तेथे नव्हता.

अनुभवी खेळाडूने एका संघातून थेट त्याच्या प्रतिस्पर्धी संघात जाणे, ही फुटबॉलमधील सर्वांत वादग्रस्त घटना मानली जाते. चाहत्यांच्या लेखी ती फितुरी असते, व्यवस्थापनाच्या लेखी व्यवहार आणि खेळाडूच्या लेखी उपजीविका. मंदारच्या स्थलांतरात या तिन्ही बाजू स्पष्ट दिसतात.

गोव्याच्या गणवेशातील सहा हंगाम

१८ मार्च १९९२ रोजी जन्मलेला मंदार हा डेम्पो स्पोर्ट्स क्लबच्या मुशीतून आलेला खेळाडू. २०१४मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून तो एफसी गोवा संघात होता. या संघाची जडणघडणही मोठी वैशिष्ट्यपूर्ण होती. डेम्पो आणि साळगावकर हे गोव्याच्या फुटबॉलमधील परंपरागत प्रतिस्पर्धी. पण नव्या संघासाठी श्रीनिवास डेम्पो आणि दत्तराज साळगावकर मालक म्हणून एकत्र आले. मराठवाड्यातील उद्योगपती वेणुगोपाल धूत हेही त्यांचे सहमालक होते. मैदानावर हाडवैर असलेली दोन घराणी एकाच संघाचे मालक होऊ शकतात, हे गोव्याच्या प्रेक्षकांनी तेव्हाच पाहिले.

ब्राझीलचे महान खेळाडू झिको हे संघाचे पहिले प्रशिक्षक. त्यांच्या काळात मंदार डाव्या बगलेवरून आक्रमण करी. २०१५च्या अंतिम सामन्यात फातोर्डावरच चेन्नईयिनने गोव्याचा ३-२ असा पराभव केला. विजयाचा गोल अगदी अखेरच्या क्षणी झाला. २०१७मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्या हाताखाली मंदारची भूमिका बदलली. आक्रमक बगलखेळाडूचा तो डावा बचावपटू झाला. कारकिर्दीच्या मध्यावर जागा बदलणे सोपे नसते. पण लोबेरा यांच्या पद्धतीत बचावपटूनेही पुढे धावून चढाईत सामील व्हायचे असल्याने मंदारच्या जुन्या कौशल्याला नवे काम मिळाले. पुढे त्याने संघाचे नेतृत्वही केले आणि भारतीय संघाचे दारही त्याच्यासाठी याच नव्या जागेमुळे उघडले.

१७ मार्च २०१९ रोजी गोवा पुन्हा अंतिम फेरीत खेळला. मुंबईत झालेल्या त्या सामन्यात बंगळुरूने अतिरिक्त वेळेत एकमेव गोल करून करंडक नेला. तो गोल राहुल भेकेचा, म्हणजे मुंबईच्याच खेळाडूचा. पुढच्या महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकून काहीशी भरपाई केली. २०१९-२०मध्ये तर साखळीत अव्वल ठरून गोव्याने आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत स्थान मिळवले. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब होता.

मुंबईशी हिशेब

या सहा वर्षांत गोवा आणि मुंबई यांच्यातील चुरस वाढतच गेली. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी गोव्याने मुंबईचा ७-० असा धुव्वा उडवला. त्या सामन्यात डुडू ओमागबेमी आणि थोंगखोसिएम हाओकिप या दोघांनी हॅट्‌ट्रिक साधली. मार्च २०१९च्या उपांत्य लढतीत मुंबईच्या मैदानावर गोवा ५-१ असा जिंकला. फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा ५-२. मुंबईच्या चाहत्यांना गोव्याचे नाव काढले की हे आकडे आठवत.

मग चित्र पालटले. नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचे ६५ टक्के भागभांडवल विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि संघाकडे मोठे आर्थिक बळ आले. इकडे गोव्याने, संघ गुणतक्त्यात आघाडीवर असतानाच, जानेवारी २०२०च्या अखेरीस लोबेरा यांना दूर केले. काही महिन्यांत लोबेरा मुंबईचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या मागोमाग ह्यूगो बूमो, अहमद जाहू, मूर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई असे चार खेळाडू मुंबईत आले. गोव्याच्या यशाचा कणाच जणू उचलून नेला गेला.

चौघांपैकी तिघे परदेशी होते. परदेशी खेळाडू येतात आणि जातात, हे चाहत्यांनी मनोमन स्वीकारलेले असते. मंदारचे तसे नव्हते. पहिल्या हंगामापासून संघात असलेला तो घरचा मुलगा होता. गोव्याच्या चाहत्यांना ही बदली अधिक जिव्हारी लागण्याचे कारण हेच.

अदलाबदल आणि बदली

खेळाडूच्या स्थलांतराचे सर्वच खेळांत सारखे नियम नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये संघ परस्परांत खेळाडूंची अदलाबदल करतात. खेळाडूचा करार जसाच्या तसा दुसऱ्या संघाकडे जातो आणि करारात खास तरतूद नसेल तर त्याची संमतीही विचारली जात नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये डोनोव्हन मॅक्नॅब या खेळाडूला अकरा हंगामांनंतर, २०१०मध्ये, फिलाडेल्फियाने आपल्याच विभागातील प्रतिस्पर्धी वॉशिंग्टनकडे असेच धाडले. भारतीय वाचकांना हा प्रकार आयपीएलमुळे परिचित आहे. २०१९मध्ये अजिंक्य रहाणे राजस्थानकडून दिल्लीकडे गेला आणि त्याच्या बदल्यात मयंक मार्कंडे व राहुल तेवातिया राजस्थानला मिळाले. आयपीएलमध्ये मात्र खेळाडूची संमती आवश्यक असते.

आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये अशी अदलाबदल क्वचित होते. येथे करार मुदतीचा असतो. मुदत संपण्यापूर्वी खेळाडू हवा असेल तर दुसऱ्या क्लबला बदली शुल्क मोजावे लागते. मुदत संपली की खेळाडू मोकळा होतो. करार संपण्यास सहा महिने उरले की त्याला अन्य क्लबशी बोलणी करण्याची मुभा जागतिक महासंघ फिफाचे नियम देतात. हे स्वातंत्र्य सहजासहजी मिळालेले नाही. पूर्वी युरोपात करार संपल्यावरही जुना क्लब शुल्क मागू शकत असे. लिएजच्या क्लबमधून फ्रान्समधील डंकर्क येथे जाऊ न शकलेल्या जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या लढ्यात बोस्मानची स्वतःची कारकीर्द जवळजवळ संपली. फायदा झाला तो पुढच्या पिढ्यांचा.

मंदारही गोव्याशी असलेला करार संपल्यानंतरच मुंबईकडे गेला. नियमाच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते. पण चाहत्यांचा राग नियमांच्या पुस्तकाकडे पाहून ठरत नाही.

रोषाची परंपरा

या रोषाचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे लुईस फिगो. जुलै २०००मध्ये तो बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदकडे गेला. २००२मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर कॉर्नर घेण्यास गेलेल्या फिगोवर प्रेक्षकांनी नाना वस्तू फेकल्या. त्यात डुकराचे मुंडकेही होते. मॅक्नॅबचा अनुभव निराळा. ऑक्टोबर २०१०मध्ये तो वॉशिंग्टनकडून फिलाडेल्फियात परतला, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले; त्यानंतर त्याच्या संघाने यजमानांना हरवले. फरक उघड आहे. फिगो स्वतः गेला होता. मॅक्नॅबला धाडण्यात आले होते.

भारतात या वैराचे माहेरघर कोलकाता. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील खेळाडूंची पळवापळवी हा तेथे खेळाइतकाच चर्चेचा विषय असे. नोंदणीचा दिवस उजाडेपर्यंत खेळाडूंना अज्ञात ठिकाणी लपवून ठेवण्याचे प्रकारही घडत. १९८५मध्ये कृशानू डे आणि विकाश पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालमध्ये गेली, त्याची आठवण तेथील जुने प्रेक्षक अद्याप काढतात.

निष्ठा कोणी कोणाशी राखायची?

खेळाडूकडून निष्ठेची अपेक्षा करताना क्लबांच्या वर्तनाकडेही पाहावयास हवे. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१०मध्ये बंद झाला. पंजाबच्या जेसीटीने २०११मध्ये तोच मार्ग पत्करला. २०१६मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब आणि डेम्पो या गोव्याच्या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा डेम्पो, म्हणजे मंदार जेथे घडला तो क्लब, राष्ट्रीय स्पर्धेतून असा एका निर्णयाने बाहेर पडला. आठ वर्षांनी, २०२४-२५च्या हंगामात, तो आय-लीगमध्ये परतला. पण फुटबॉलपटूच्या आयुष्यात आठ वर्षे म्हणजे निम्मी कारकीर्द. २०२५मध्ये तर खुद्द सुपर लीगचे भवितव्य व्यावसायिक हक्कांच्या वादात अडकले, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही आणि काही क्लबांनी खेळाडूंचे वेतनही थांबवले.

या पार्श्वभूमीवर अठ्ठाविसाव्या वर्षी मंदारने घेतलेला निर्णय समजण्यासारखा आहे. बचावपटूचे उमेदीचे दिवस तिशीच्या आसपास सरतात. आपला खेळ ओळखणारा, आपल्याला नव्या जागी उभे करणारा प्रशिक्षक जेथे आहे तेथे उरलेली वर्षे घालवणे, यात कृतघ्नतेपेक्षा व्यवसायाची जाणीव अधिक होती. त्या प्रशिक्षकालाही गोव्यानेच दूर केले होते, हे विसरून चालणार नाही.

फातोर्डाचे दोन प्रसंग

२०२०-२१चा संपूर्ण हंगाम करोनामुळे गोव्यातच खेळवण्यात आला. मंदार मुंबईकडून खेळला, तरी सामने सारे गोव्यातच झाले. याच हंगामात सुपर लीगमध्ये शंभर सामने खेळणारा पहिला खेळाडू होण्याचा मान त्याला मिळाला. त्यांतील बहुतेक सामने गोव्यासाठी खेळलेले होते. शंभरावा मात्र मुंबईसाठी. उपांत्य फेरीत गाठ पडली ती गोव्याशीच. पहिला सामना २-२, दुसरा ०-० आणि पेनल्टी किक्समध्ये मुंबई ६-५ अशी विजयी. निर्णायक किक मारणारा रॉलिन बोर्जेस हाही गोव्याचाच होता. ज्या आशियाई स्पर्धेची पात्रता मंदारने गोव्याला मिळवून देण्यास हातभार लावला होता, ती एप्रिल २०२१मध्ये गोवा त्याच्याविना खेळला. त्याच्या वाट्याला ती स्पर्धा पुढच्या वर्षी मुंबई संघासोबत आली. त्या वेळी इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून मुंबई या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

लोबेरा एका हंगामानंतर मुंबई सोडून गेले. मंदार मात्र राहिला. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईने फातोर्डावर गोव्याला ५-३ असे हरवून साखळीतील अव्वल स्थानाची ढाल दुसऱ्यांदा जिंकली. या वेळी प्रेक्षागृह रिकामे नव्हते. दोन वर्षांपूर्वी जे गोवेकरांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, ते आता त्यांच्या डोळ्यांदेखत घडले.

पुढे २०२३मध्ये मंदार ईस्ट बंगालकडे गेला. जानेवारी २०२४मध्ये त्या संघाने सुपर कप जिंकला. त्याच वर्षी तो चेन्नईयिनमध्ये दाखल झाला. २०१५मध्ये फातोर्डावर गोव्याचे स्वप्न मोडणारा संघ तो हाच. दरम्यान, २०१९मध्ये मुंबईत गोव्याविरुद्ध तो एकमेव गोल करणारा राहुल भेके २०२१मध्ये बंगळुरू सोडून आपल्या शहराच्या संघात आला आणि २०२४मध्ये कर्णधार म्हणून मुंबईला दुसरा करंडक जिंकून देऊन पुन्हा बंगळुरूला परतला. एक घरचा मुलगा घराबाहेर पडून विजेता झाला, दुसरा घरी येऊन.

चाहता जन्मभर एकाच संघाचा असू शकतो, कारण त्याला त्या संघावर पोट भरायचे नसते. खेळाडूला मात्र पंधरा-सोळा वर्षांत आयुष्याची पुंजी जमवायची असते आणि त्या काळात मालक, प्रशिक्षक, प्रसंगी क्लबही बदलतात. मंदारने गोव्याला सहा हंगाम दिले, संघ पहिल्यांदा आशियाच्या दारी पोहोचेपर्यंत तो तेथे होता आणि करार पुरा करून तो बाहेर पडला. व्यावसायिक खेळात याहून अधिक मागण्याचा हक्क त्याच क्लबला आहे, ज्याने आपल्या खेळाडूला वाऱ्यावर सोडलेले नाही.