मंगोलियाचा 'हो' आणि 'नाही'

मंगोलिया म्हटलं की आपण चंगीझखानापाशीच अडकतो. आज आपण 1945 सालापाशी थांबू या.

चिंग साम्राज्य कोसळत असताना, 1911 मध्ये मंगोलांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. बोग्द खान गादीवर बसला. 1915 च्या त्रिपक्षीय कराराने पदरात टाकली ती नुसती स्वायत्तता. 1919 मध्ये चिनी सैन्याने तीही काढून घेतली. मग 1921 मध्ये सुखबातर आणि त्याचे साथी लाल सेनेच्या मदतीने सत्तेवर आले. त्या मदतीची किंमत भयंकर होती: 1937 नंतर चोइबाल्सानच्या राजवटीत हजारो लामा मारले गेले.

ऑक्टोबर 1945 मध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झालं. अधिकृत निकाल काय? विरोधात एकही मत नाही! आम्ही पडलो तत्त्वज्ञानाची माणसं. आम्हाला प्रश्न पडतो, 'नाही' म्हणायची सोयच नसेल, तर 'हो'ला अर्थ काय? पण त्याच 'हो'वर जानेवारी 1946 मध्ये चीनने मान्यता दिली. अंतर्मंगोलियातल्या मंगोलांना मात्र कुणी विचारलंच नाही. ते चीनमध्येच राहिले.

'नाही' ऐकू आलं ते मार्च 1990 मध्ये. उलानबातरच्या चौकात, थंडीत, माणसं उपोषणाला बसली आणि काही दिवसांतच पॉलिटब्युरोने राजीनामा दिला. जुलैच्या बहुपक्षीय निवडणुकीत जुनाच पक्ष जिंकला. मग बदललं काय? तर आता तो हरू शकत होता. 1996 मध्ये तो खरोखरच हरला, आणि खुर्ची सोडून उठला. 1945 च्या त्या होकाराला अर्थ आला, तो आमच्या मते इथे.