मूत्रपिंड प्रतिरोपण आणि दात्याकडून होणारे संक्रामण

निकामी झालेल्या मूत्रपिंडाऐवजी दुसऱ्या व्यक्तीचे मूत्रपिंड बसविताना दात्याच्या रक्तातील वा ऊतकातील रोगजंतू कधीकधी ग्राहीच्या (मूत्रपिंड स्वीकारणाऱ्या रुग्णाच्या) शरीरात प्रवेश करतात. परके ऊतक फेटाळले जाऊ नये म्हणून ग्राहीची प्रतिकारशक्ती औषधांनी दडपलेली असते. त्यामुळे दात्यात निद्रिस्त असलेला जंतूही ग्राहीच्या जिवावर बेतू शकतो. १९५४ साली बोस्टन येथे झालेल्या पहिल्या यशस्वी प्रतिरोपणात दाता व रुग्ण एकसारखे जुळे भाऊ असल्याने या औषधांची गरज पडली नव्हती.

भारतात १९६५ साली मुंबईच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात असा प्रयत्न झाला. पहिले यश १९७१ साली वेल्लोर येथे मिळाले. पुढे सायक्लोस्पोरीन या औषधामुळे रक्ताचे नाते नसलेल्या दात्याचे मूत्रपिंडही टिकू लागले आणि त्याबरोबर मूत्रपिंडांची खरेदी-विक्री सुरू झाली. मुंबई हे तिचे एक मोठे केंद्र होते. संयुक्त अरब अमिराती व ओमान येथून येऊन १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत विकतचे मूत्रपिंड बसवून घेतलेल्या १३० रुग्णांचा वृत्तांत १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण मोठे होते व संक्रामण हे त्याचे प्रमुख कारण होते. काही रुग्णांना एड्सच्या व्हायरसाची बाधा झाल्याचेही आढळले. शस्त्रक्रियेची पुरेशी माहिती मायदेशीच्या वैद्यांपर्यंत पोहोचत नसे. गरजेपोटी मूत्रपिंड विकणारा आपला आजार सांगेल, ही अपेक्षाच मुळात व्यर्थ होती. मात्र दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. त्याच्या प्रकृतीची विचारपूस करण्यात मध्यस्थालाही स्वारस्य नव्हते.

मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम १९९४ साली संमत झाला व ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात अंमलात आला. त्याने अवयवांचा व्यापार गुन्हा ठरविला आणि मस्तिष्कमृत्यूस कायदेशीर मान्यता दिली. त्यामुळे मृत दात्याचे मूत्रपिंड मिळण्याचा मार्ग खुला झाला. परंतु मृत दात्यास काहीच विचारता येत नाही. रक्तपरीक्षाही अपुऱ्या पडू शकतात. संक्रामणानंतर प्रतिपिंडे निर्माण होईपर्यंतच्या काळात परीक्षा निर्दोष येते. २००७ साली शिकागो येथे अशाच एका दात्याकडून चार ग्राहींना एड्स व यकृतशोथ-सी या दोहोंच्या व्हायरसांची बाधा झाली. व्हायरसाचे न्यूक्लिइक अम्ल थेट शोधणाऱ्या परीक्षेमुळे हा काळ बराच आखूड होतो.

स्थानपरत्वे धोका बदलतो. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा विदर्भासाठीच्या नागपूर येथील अवयव-वाटप केंद्राच्या क्षेत्रात येतो. पूर्व विदर्भाचा वनप्रदेश हिवतापाचा जुना प्रदेश आहे. मूत्रपिंड धुऊन घेतले, तरी त्यात दात्याच्या काही तांबड्या पेशी उरतात व त्यांतून हिवतापाचे परजीवी संक्रमित होऊ शकतात. रक्ताचा लेप वेळीच तपासला, तर यावर औषध आहे. क्षयरोगाच्या बाबतीत मात्र जंतू दात्याकडून आला की रुग्णाच्याच शरीरातील जुना जंतू जागा झाला, हे ठरविणे कठीण असते.

थंड द्रावणात मूत्रपिंड साधारणतः एक दिवसच ठेवता येते. तेवढ्या अवधीत दात्याला नुकताच ताप आला होता काय, जनावर चावले होते काय, हे शोकाकुल नातेवाइकांनाच विचारावे लागते. अमेरिकेतील टेक्सस राज्यात २००४ साली एकाच दात्याचे अवयव वा ऊतक बसविलेले चार रुग्ण अलर्क रोगाने दगावले. दात्याला वटवाघूळ चावले होते, हे नंतरच्या चौकशीत समजले.